जुनी होपी आणि झुनी बाहुली: ओळखायची कशी, वय ठरवायचं कसं?

निवडुंग

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

मागच्या शनिवारी आमच्या गल्लीच्या टोकाचं घर रिकामं करायला काढलं होतं. आजी वारल्या, मुलं कॅलिफोर्नियात, त्यामुळे कपबशांपासून सोफ्यापर्यंत सगळ्याला किमतीच्या चिठ्ठ्या. मी गेले होते बिडाच्या तव्यासाठी. तवा कोणीतरी आधीच उचलला होता, पण बुटाच्या खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन लाकडी बाहुल्या मिळाल्या. दोन्ही मिळून ४० डॉलर. फिनिक्समध्ये नऊ वर्षं काढल्यावर होपी आणि झुनी या इकडच्या आदिवासी जमाती, आणि त्यांच्या अशा बाहुल्यांना 'काचिना' म्हणतात, एवढं माहीत झालंय, पुढे अंधार.

पहिली वीतभर. एकाच लाकडातून कोरलेली, हात पोटाशी चिकटलेले, पोटात कळ आल्यासारखी. ठेवली की पडते. डोकं नळकांड्यासारखं, तोंड अर्धं हिरवट-निळं, अर्धं गुलाबी, मधे उभा पट्टा. अंग काळपट, त्यावर फिकट चंद्रकोरी. डोक्यावर आडवी खाच आहे, तिथे काहीतरी बसवलेलं असावं. मानेमागे सुतळीचा फास. एका तळपायावर पेन्सिलीने १५० लिहिलंय.

दुसरी उंच, शिडशिडीत. खांद्याशी खिळा, त्यामुळे हात वरखाली होतात. कमरेला खऱ्या कापडाचं वस्त्र, शिवलेलं. गळ्याशी केसाळ कातड्याची पट्टी, डोक्यावर पिसाचा मोडका दांडा.

होपी की झुनी? किती जुन्या? ओल्या बोटाने पहिलीचा रंग जरा चोळून पाहिला तर बोटाला लागला. म्हणजे जुनी ना?

फोटो डकवले आहेत.

शेवटचा_बाक

सर्वात महत्त्वाचा प्रश्न राहिला. रात्री जागा बदलतात का?

गौरीहर

फोटो दिसत नाहीत.

रंगारी

निवडुंगताई, आधी ते ओलं बोट आवरा. दुसऱ्यांदा करू नका. विनंती नाही, ताकीद समजा. सविस्तर संध्याकाळी लिहितो.

भटकभवानी

मी न्यू मेक्सिकोत सात वर्षं होते आणि होपी गावांना तीनदा जाऊन आले, त्या जोरावर लिहिते.

नावापासून सुरुवात करू. होपी भाषेत 'च' नाही. ते 'कात्सिना' म्हणतात, अनेकवचन 'कात्सिनम'. कात्सिना म्हणजे बाहुली नव्हे. पाऊस आणणारे, पीक देणारे, पूर्वजांशी नातं असलेले ते आत्मे. हिवाळ्यात गावात येतात, जुलैत निमान नावाचा सोहळा झाला की फ्लॅगस्टाफजवळच्या सॅन फ्रान्सिस्को शिखरांवर परत जातात. बाहुलीला होपी शब्द आहे 'तिहू', अनेकवचन 'तिथू'. फेब्रुवारीत पोवामू असतो, त्यात जमिनीखालच्या किवा खोलीत घेवड्याचे मोड वाढवतात (आपले घट आठवले ना?), तेव्हा आणि निमानला या तिथू मुलींना आणि बायकांना मिळतात. तान्ह्या मुलीला मिळते ती अगदी चपटी, फळीसारखी.

आता तुमची पहिली. मिळालेली तिहू घरात भिंतीला नाहीतर तुळईला टांगतात. म्हणून मानेला फास, म्हणून ती उभी राहत नाही. पायाखाली गोल लाकडी पाट आला तो गिऱ्हाइकाच्या कपाटासाठी, विसाव्या शतकात बऱ्याच उशिरा. त्यामुळे पाट नाही हे चांगलं लक्षण.

आणि ती कोण हेही सांगते: अर्धं हिरवं अर्धं गुलाबी तोंड, काळ्या अंगावर चंद्रकोरी, म्हणजे हेमिस नावाचा कात्सिना. निमानला येतो तोच. डोक्यावरच्या खाचेत पायऱ्यापायऱ्यांची उभी रंगीत फळी असते, तिला तबलेता म्हणतात. तुमची हरवलीय. आजींच्या घरी खोक्याच्या तळाशी राहिली नसेल ना?

दुसरी मात्र वळणाने झुनी वाटते. झुनी लोक न्यू मेक्सिकोच्या पश्चिम कडेला, भाषा पूर्ण वेगळी. त्यांच्या बाहुल्या उंच, सडपातळ. हात वेगळे करून खिळ्याने किंवा खुंटीने जोडलेले. कपडे खरे, कापडाचे आणि कातड्याचे. होपी कारागीर कपडेसुद्धा लाकडातच कोरतो आणि रंगवतो.

निवडुंग

भवानीताई, साष्टांग! खोक्याच्या तळाशी १९८७ चं वर्तमानपत्र होतं, फळी नाही. वर्तमानपत्रावरून वय काढता येतं का?

सुतारपक्षी

येतं, वर्तमानपत्राचं.

भटकभवानींच्या झुनी-होपी फरकाला एक पुरवणी. तो फरक पहिल्या नजरेसाठी ठीक, पण त्यावर पैज लावू नका. होपी लोकांनी काही कात्सिना झुनींकडून घेतलेत आणि नावातच तसं सांगतात: होपी भाषेत झुनीला 'सिओ' म्हणतात, म्हणून 'सिओ हेमिस', 'सिओ शालाको'. आता होपी माणसाने झुनी कात्सिना कोरला, वर कापड नेसवलं, तर बाहुली कोणाची? शिवाय कापड नेसवलेल्या जुन्या होपी बाहुल्याही आहेत.

मी मूळचा सावंतवाडीकडचा, घरात लाकडी खेळण्यांचं काम पाहिलेलं, त्यामुळे मला आधी लाकूड दिसतं. होपी कारागीर कॉटनवूडचं मूळ वापरतात. खोड नाही, मूळ. पॉप्लरच्या कुळातलं झाड, ओढ्याकाठी वाढणारं. पुराने वाहून आलेली, वाळलेली मुळं गोळा करतात. अतिशय हलकं, चाकूला लोण्यासारखं, चिरफळ्या होत नाहीत. आमच्याकडे पांगारा वापरतात त्याच कारणासाठी. मात्र झुनी बाहुल्यांत पाइनही सापडतं.

ताई, एवढं करा:

तळपाय उघडा असेल तर भिंगाने पाहा. पाइन असेल तर वर्षवलयांच्या गडद-फिकट रेघा ठळक दिसतील. कॉटनवूडचं मूळ एकसारखं, रेघा जवळपास नसल्यासारख्या.

खोलगट जागा पाहा, काखेत, कानामागे. जुनं काम चाकू, कानस आणि वाळूच्या दगडाचं. पातं फिरल्याचे चपटे टवके दिसतात. बारीक, सारख्या अंतराच्या गोल ओरखड्या दिसल्या तर विजेवर फिरणारं हत्यार. आणि पिसांच्या, केसांच्या रेघा तापलेल्या सुईने जाळून काढलेल्या असतील तर १९७० च्या आसपासचं किंवा त्यानंतरचं काम.

दुसरीच्या खांद्याचा खिळा कसला आहे? पत्र्यातून कापलेला, चौकोनी-चपटा, की तारेचा गोल? तारेचे खिळे अमेरिकेत १८९० च्या दशकात सर्रास झाले.

कोरडे_पाषाण

एवढी उठाठेव कशाला? कार्बन डेटिंग करून घ्या. विज्ञान नावाची गोष्ट आहे.

सुतारपक्षी

विज्ञानच आडवं येतं हो. साधारण १६५० ते १९५० या काळातल्या वस्तूंसाठी कार्बन-१४ चा आलेख इतका वरखाली होतो की उत्तर येतं 'या तीनशे वर्षांत कधीतरी'. १९५५ नंतर अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला, त्यामुळे लाकूड त्यानंतर वाढलेलं असेल तर तेवढं कळतं. पण आपण लाकडाचं वय मोजतोय, बाहुलीचं नाही. पन्नास वर्षं वाळवंटात पडलेलं मूळ काल कोरलं तर? खोटी 'अँटिक' बाहुली करणारा तेच करेल.

रंगारी

आलो. मी मुंबईत चित्रं आणि रंगीत लाकूडकाम यांच्या जतनाचं काम करतो. होपी बाहुली हाताखाली एकदाच आली आहे, पण रंग सगळीकडे रंगच असतात.

ओल्या बोटाने रंग निघाला म्हणजे जुनी, हा समज बाजारात फार पसरलाय. जुन्या होपी रंगकामात आधी पांढऱ्या चिकणमातीचा, केओलिनचा हात असतो. त्यावर गेरू, पिवडी, काजळी, मक्यावरची काणी, तांब्याच्या खनिजाचा हिरवा-निळा. चिकटपणा बेताचा, त्यामुळे बोटाला लागतो. खरं. पण १९२०-३० नंतर हेच कारागीर दुकानातले पोस्टर कलर वापरायला लागले, आणि पोस्टर कलरही ओल्या बोटाला लागतो. म्हणजे तुमच्या प्रयोगाने एवढंच सिद्ध झालं की रंग अॅक्रिलिक नाही. ते भिंगातूनही कळलं असतं, बाहुलीचा गाल न पुसता.

भिंगातून काय बघायचं: खनिज रंग दाणेदार, मंद, कुठे दाट कुठे विरळ. पोस्टर कलर सपाट आणि एकसारखा. अॅक्रिलिकची पातळ कातडी बनते, किंचित चमकते, पोपडा निघाला तर प्लॅस्टिकसारखा. निळा फारच 'स्वच्छ' असेल तर कपड्यांना घालायची नीळही असू शकते. हसू नका, जुन्या बाहुल्यांत ती खरंच वापरलेली सापडते.

दुसरं, अतिनील टॉर्च घ्या. ३६५ नॅनोमीटरची, ३९५ वाली स्वस्त मिळते पण तिच्यात जांभळा उजेड इतका सांडतो की सगळंच चमकल्यासारखं वाटतं. अंधाऱ्या खोलीत पाहा. टायटॅनियमचा पांढरा काळपट दिसतो. तो रंग १९२० च्या सुमारास बाजारात आला. जस्ताचा पांढरा पिवळसर-हिरवा उजळतो. सांध्यात पांढरट निळी चमक आली तर शाळेतला पांढरा डिंक. आणि दुसऱ्या बाहुलीचं कापड, दोरा जरूर पाहा. कपडे 'शुभ्र' दिसावेत म्हणून घालतात ते द्रव्य १९५० च्या आसपासपासूनचं, लखलखीत निळं दिसतं.

यातली एक खूण पुरत नाही. तीन-चार एका दिशेला बोट दाखवू लागल्या की बोलायचं.

शेवटचा_बाक

तुमच्या आधी ताईंनी एक बोट दाखवलंच होतं. ओलं. (हलके घ्या)

गौरीहर

फोटो अजूनही दिसत नाहीत, पण वाचायला मजा येतेय. एक बाळबोध प्रश्न: ही मूर्ती आहे की खेळणं? म्हणजे देवघरात ठेवायची की मुलींनी खेळायची? कारण त्यावर माझं पुढचं मत अवलंबून आहे.

भटकभवानी

दोन्ही शब्द नीट बसत नाहीत. तिची पूजा होत नाही, त्या अर्थाने मूर्ती नाही. पण ती कात्सिनाने दिलेली भेट असते. मुलगी तिच्याशी खेळते, तिच्यावरून कोणता कात्सिना कोण ते शिकते, आणि मग ती भिंतीवर जाते. सोहळ्यात कात्सिना होणारा माणूस चढवतो त्या मुखवट्यांचं वेगळं. मुखवटा म्हणजे साक्षात तो. होपी लोक इंग्रजीत बोलताना मुखवट्याला 'मास्क' म्हणत नाहीत, 'मित्र' म्हणतात.

गौरीहर

धन्यवाद, मला हेच हवं होतं. आमच्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात सोंग घेणारा मुखवटा चढवतो तेव्हा तो देव असतो, त्याला लोक नमस्कार करतात. तो मुखवटा कोणी मुंबईच्या दिवाणखान्यात टांगलेला पाहिला की पोटात कालवतं. आणि पुण्यात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात घरोघरीचे चांदीचे टाक विकायला येतात. खंडोबा, भवानी, कोणाच्या तरी पणजोबांचा वीर. तोळ्यावर विकतात. पुढच्या पिढीने देवघर आवरलं असणार. मी एकदा एक घेतला, घरी आणला, आणि मग कळेना की हळदकुंकू वाहायचं की शोकेसमध्ये ठेवायचा. तो अजून कपाटात रुमालात आहे.

कोरडे_पाषाण

जव्हारला ज्यांनी तो विकला त्यांना पोटात कालवलं नाही, तुम्हाला कालवतं. गंमत आहे. होपी लोक स्वतः बाहुल्या विकतात, सव्वाशे वर्षं विकताहेत, त्यावर घरं चालतात. ४० डॉलर देऊन दोन बाहुल्या घेतल्या तर ताईंनी काही दरोडा घातलेला नाही.

भटकभवानी

पाषाणसाहेब, विकत घेण्यात पाप आहे असं मी म्हटलं नाही. पण 'सव्वाशे वर्षं विकताहेत' यातच वय ठरवण्याची किल्ली आहे, म्हणून बरं झालं विषय निघाला.

१८७९ मध्ये फ्रँक कुशिंग हा मानववंश अभ्यासक झुनी गावात जाऊन राहिला, स्टीव्हनसन पती-पत्नी तिथून वस्तूंचे ढीग वॉशिंग्टनला घेऊन गेले. होपींकडे थॉमस कीमचं व्यापारी दुकान होतं, तिथून बाहुल्या बाहेर पडू लागल्या. १८९३ मध्ये हेन्रिक वोथ नावाचा मेनोनाइट मिशनरी ओराइबी या होपी गावात आला. आला धर्मांतर करायला, आणि जमवल्या शेकडो बाहुल्या. त्याच्या संग्रहाचा मोठा भाग शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे. फ्यूक्स या मानववंश अभ्यासकाने १८९४ मध्ये होपी बाहुल्यांवर लिहिलं. ब्रुकलिन म्युझियमचा क्युलिन १९०३ मध्ये झुनी गावात खरेदीला पोचला. १९०५ मध्ये ग्रँड कॅनियनच्या काठावर रेल्वेच्या प्रवाशांसाठी 'होपी हाउस' हे दुकान उघडलं.

यातून काय हाती लागतं? कोणत्या साली गोळा केली ते नोंदलेल्या बाहुल्या. बाकी सगळ्या त्यांच्याशी ताडून पाहायच्या. जाणकार ढोबळ चार टप्पे करतात: साधारण १९१० पर्यंत धड ठोकळ्यासारखं, हात पोटावर. १९३० पर्यंत अंगाला प्रमाण येतं, हात जरा सुटतात. मग पाय उचललेल्या, नाचणाऱ्या बाहुल्या. १९४५ नंतर पिळदार स्नायू, बोटाची नखं, सगळं. कारण गिऱ्हाईक बदललं. भिंतीवर टांगायच्या वस्तूला नाचायची गरज नसते, शेल्फवरच्या वस्तूला असते.

आणि विकण्यातली एक मोठी गमतीची गोष्ट. ओराइबी गाव १९०६ मध्ये फुटलं, अमेरिकन सरकारशी जुळवून घेणारे आणि न घेणारे. जुळवून घेणाऱ्यांचा पुढारी तवाक्वाप्तेवा, गावाचा प्रमुख, विकण्यासाठी भरपूर बाहुल्या कोरायचा, पण मुद्दाम चुकीच्या. एकाचे कान, दुसऱ्याचं नाक, तिसऱ्याची नक्षी. कुठल्याच खऱ्या कात्सिनाशी जुळू नये अशा. गिऱ्हाईक खूश, आणि जे विकायचं नाही ते विकलं गेलं नाही.

शेवटचा_बाक

हा माणूस माझा आदर्श. मीही ऑफिसात असेच रिपोर्ट देतो.

गौरीहर

तवाक्वाप्तेवांना दंडवत. जव्हारला असं कोणीतरी हवं होतं.

सुतारपक्षी

भवानीताईंच्या टप्प्यांत एक खड्डा आहे, पाय घालू नका. १९७० च्या दशकात मॅनफ्रेड सुसुन्केवा या होपी कलाकाराने पुन्हा जुन्या पद्धतीने, खनिज रंगात, टांगायच्या बाहुल्या करायला सुरुवात केली आणि बऱ्याच जणांनी ती वाट धरली. म्हणजे हात पोटावर, पाट नाही, रंग बोटाला लागतो, आणि वय तीस वर्षं. कारागीर फसवत नाही, तो सरळ सांगून विकतो. तिसऱ्या-चौथ्या हातात गेल्यावर ती 'अठराशे नव्वदची' होते.

दुसरा खड्डा म्हणजे नावाहो या शेजारच्या जमातीकडच्या कारखानी बाहुल्या. केसाळ कातडं, भरगच्च पिसं, मणी, खाली पाट, पाटावर सही. त्या नावाहो लोकांच्या परंपरेतल्या नाहीतच. ताईंची दुसरी बाहुली केसाळ कातड्यामुळे मला थोडी खुपतेय.

निवडुंग

मंडळी, हजेरी लावते.

तळपाय: पहिलीला रेघा नाहीत. वजन किचनच्या काट्यावर एका केळ्याएवढं. दुसरीला रेघा आहेत, ठळक. खिळा गोल, तारेचा. पाट दोघींना नाही, सही नाही.

टॉर्च मागवली, ३६५ ची. नवऱ्याने विचारलं विंचू शोधायचेत का (इथे अतिनील टॉर्च लोक त्यासाठीच घेतात, विंचू हिरवे चमकतात). पहिली: तोंड, अंग, कुठेच काही चमकत नाही, काळपटही फार नाही, मंद मातकट. फक्त एका कानाच्या सांध्याशी पांढरट निळी रेघ. दुसरी: बाप रे! कमरेचं कापड दिव्यासारखं पेटलं. कातडं नाही, कापडच. म्हणजे १९५० नंतरची? हिरमोड झाला.

आणि एका विंचवाचाही शोध लागला. कपड्यांच्या खोलीत.

रंगारी

उत्तम निरीक्षण. पहिलीचा कान कोणीतरी नंतर चिकटवलाय, एवढंच त्या रेघेचं म्हणणं. बाकी रंगात टायटॅनियम दिसत नाही, हे जमेत धरा.

दुसरीचं इतक्यात ठरवू नका. तेच द्रव्य कपडे धुण्याच्या पावडरीत असतं. जुनं सुती कापड एकदा आजच्या पावडरीत धुतलं की तेही पेटतं. बाहुलीचं वस्त्र काढून धुणारी एखादी नीटनेटकी आजी असू शकते की नाही?

दोऱ्याकडे पाहा. वस्त्र शिवलंय त्या टाक्याचा दोरा आणि कापड सारखंच चमकतंय का? आणि दोऱ्याचं टोक: सुती दोरा उसवला की केसाळ होतो, नायलॉन-पॉलिस्टरचं टोक गुळगुळीत राहतं.

निवडुंग

दोरा केसाळ. चमक कापडाएवढीच. आजींची सून फोनवर म्हणाली, सासूबाई सगळंच धुवायच्या, एकदा पोपट धुतला होता.

शेवटचा_बाक

पोपटाचा काळ ठरला का?

कायदेकानू

धागा आत्ता वाचला. रंगापेक्षा ते मोडकं पीस महत्त्वाचं, कोणी लक्षच दिलं नाही.

अमेरिकेत गरुडाचं पीस असलेली वस्तू विकता येत नाही. सुवर्णगरुड असो वा टकला. 'पण ही १९०० सालची आहे' हा बचाव चालत नाही. १९७९ मध्ये अँड्रस विरुद्ध अलार्ड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच सांगितलं. कायद्याआधीची वस्तू घरात ठेवा, वारशाने द्या, विकू नका. बहुतेक इतर रानपक्ष्यांच्या पिसांवरही १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आहे. यामुळेच पुढे कारागीर पिसंसुद्धा लाकडाची कोरू लागले. म्हणजे लाकडी पिसांची बाहुली सहसा १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धानंतरची, हीसुद्धा काळाची खूण झालीच. जुनी पिसं लोक कापूनही टाकतात, विकायला सोपं व्हावं म्हणून. तुमचा मोडका दांडा तसाच मोडलेला असू शकेल.

बाहुल्या बाळगणं, विकणं कायदेशीर आहे. पण झुनी 'बाहुली' म्हणून कोणी उभा, खांबासारखा, उन्हापावसाने झिजलेला लाकडी पुतळा दाखवला तर हात लावू नका. ते आहायुदा, जुळे युद्धदेव. ते डोंगरावरच्या ठाण्यावर उघड्यावर ठेवतात आणि तिथेच कुजून मातीला मिळायचे असतात. साऱ्या झुनींची सामाईक ठेव. एकट्या झुनी माणसालाही ते विकण्याचा अधिकार नाही, म्हणून बाहेर दिसलेला प्रत्येक चोरीचा. १९७८ पासून झुनी पुढाऱ्यांनी ते परत मागायला सुरुवात केली, डेन्व्हरच्या संग्रहालयाने १९८० मध्ये परत केले, पुढे इतरांनीही. १९९० चा परतावणीचा कायदा त्यानंतरचा.

पॅरिसला कायदा वेगळा. एप्रिल २०१३ मध्ये होपी मुखवट्यांचा लिलाव होपींनी कोर्टात जाऊनही थांबला नाही. डिसेंबरच्या लिलावात एका अमेरिकन प्रतिष्ठानने गुपचूप बोली लावून २४ वस्तू सुमारे ५,३०,००० डॉलरला घेतल्या आणि परत करण्यासाठी दिल्या. २१ होपींच्या, ३ सॅन कार्लोस अपाचे या दुसऱ्या जमातीच्या.

कोरडे_पाषाण

विकत घेऊन परत करणं हे मात्र आवडलं. गौरीहर, तुमचा टाक असा कोणाला परत करता येईल का?

गौरीहर

मागे नाव कोरलेलं नाही हो. नसता का केला.

सुतारपक्षी

मला तळपायावरचं १५० झोपू देत नाही. हॅरोल्ड कोल्टनने होपी बाहुल्यांवरच्या १९४९ च्या पुस्तकात कात्सिनांना क्रमांक दिले, यादी अडीचशेच्या वर जाते. संग्राहक तेच क्रमांक लिहितात. पण हेमिसशी १५० जुळत नाही. संग्रहालयाचा क्रमांक असेल? ते सहसा शाईने, पांढऱ्या पट्टीवर असतात. पेन्सिलीने कोण लिहील?

भटकभवानी

ताईंनी एकदा फ्लॅगस्टाफला जावं. म्युझियम ऑफ नॉर्दर्न अॅरिझोनात नोंदलेल्या बाहुल्या समोर पाहता येतात. तुमच्या गावातल्या हर्ड म्युझियममध्येही आहेत. अॅरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी स्वतःच्या ४३७ बाहुल्या तिथेच दिल्या. संग्रहालयवाले किंमत सांगत नाहीत, मागूही नका.

जमल्यास मेसावरही जा, म्हणजे होपी गावं आहेत त्या सपाट माथ्याच्या डोंगरांवर. गावात फोटो, रेकॉर्डिंग, स्केचसुद्धा चालत नाही. आणि घड्याळ: होपी प्रदेश चारी बाजूंनी नावाहोंच्या प्रदेशाने वेढलेला. उन्हाळ्यात नावाहो घड्याळ तासभर पुढे करतात, अॅरिझोना आणि होपी करत नाहीत. मी एका दिवसात तीनदा घड्याळ बदलून जेवण चुकवलंय.

निवडुंग

धागा वर काढतेय, पाच आठवड्यांनी. फ्लॅगस्टाफला जाऊन आले.

संग्रहालयात काचेसमोर तासभर उभी होते. १९०० च्या आसपासच्या बाहुल्या माझ्या पहिलीपेक्षा खूप ठोकळ. माझीचे हात कोपराशी किंचित सुटलेत, हे इतके दिवस हातात घेऊनही दिसलं नव्हतं.

बाहेर कारागिरांचा बाजार भरला होता. एका म्हाताऱ्या होपी कारागिरांच्या टेबलाशी जाऊन मी चोरासारखं खोकं उघडलं. त्यांनी पहिली उचलली, आधी वास घेतला, मग अंगठ्याने पाठ चाचपली, मग उलटी केली आणि हसायला लागले. "दीड डॉलर," म्हणाले. १ आणि ५० च्या मधला ठिपका पुसट झालाय. व्यापाऱ्याच्या दुकानातली किंमत! त्यांच्या मते १९३० च्या आगेमागे, दुकानाला द्यायला केलेली, पण हेमिस बरोबर केलाय, "घरी जसा करतात तसा". फास मात्र वापरून झिजलाय, म्हणजे टांगली होती कुठेतरी.

दुसरीकडे त्यांनी पाहिलं, पण हात लावला नाही. "ती आमची नाही. त्यांना विचार." झुनीला जायला इथून चार-साडेचार तास. दिवाळीच्या सुट्टीत बघू. पिसाबद्दल विचारलं तर फक्त खांदे उडवले.

निघताना मी विचारलं, हिला स्टँड करून मिळेल का? ते म्हणाले, खिळा नाही का घरात?

सुतारपक्षी

दीड डॉलर! आणि मी कोल्टन चाळत बसलो. १९३० च्या आसपास दीड डॉलर म्हणजे अगदी फुकटही नव्हती हां.

शेवटचा_बाक

नव्वद वर्षांत दीडाची वीस झाली. यापेक्षा पोस्टात ठेवले असते तर.

रंगारी

टांगताना सुतळीच्या जुन्या फासावर भार देऊ नका, मागून बिनआम्लाची सुती फीत घ्या, फास नुसता दिसायला राहू दे. दक्षिणेच्या खिडकीसमोर नको, गुलाबी पहिला उडेल. आणि स्वयंपाकघरात तर मुळीच नको. फोडणीचा तेलकट धूर त्या मातीच्या रंगात बसला की निघत नाही.

निवडुंग

खिळा कालच ठोकला. स्वयंपाकघरात. काढते.